काळा घोडा (कोलटकरांचा)

दक्षिण मुंबईतील काळा घोडा चौक आणि त्याभोवतीचा, कवी अरुण कोलटकर (मृत्यू २००४) यांच्या रोजच्या बसण्याउठण्यातला परिसर. कलावंताच्या आयुष्याचा माग काढत शहर पाहायचे असेल, तर मराठी वाचकाने सुरुवात इथून करावी.

ज्याच्यावरून नाव पडले तो घोडा आता चौकात नाही. युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये इथे बसवला गेला आणि १९६५ मध्ये हलवला गेला. २०१७ मध्ये उभारलेल्या नव्या घोड्यावर स्वार नाही. इथल्या ‘रॅम्पार्ट रो’ या रस्त्यावरचे ‘वेसाइड इन’ हे उपाहारगृहही बंद झाले. कोलटकर तिथे वर्षानुवर्षे खिडकीजवळ बसत. घरी फोन नव्हता. त्यांना गाठायचे तर मित्र गुरुवारी दुपारी तिथे जात.

त्या खिडकीतून रहदारीमधले एक त्रिकोणी बेट दिसे. त्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) हा इंग्रजी संग्रह आला. पहिल्याच कवितेत एक गावठी कुत्रा पहाटे त्या बेटावर पहुडला आहे आणि त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांत सात बेटांच्या जुन्या मुंबईचा नकाशा उमटला आहे. आपले कूळ तो एकीकडे युधिष्ठिराच्या कुत्र्याशी जोडतो, दुसरीकडे मुंबईचे ब्रिटिश गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी विलायतेहून आणवलेल्या शिकारी कुत्र्यांशी. पुढे इडलीवाली अम्मा भलामोठा डबा घेऊन येते आणि फुटपाथवरची सगळी उपाशी वस्ती तिच्याभोवती गोळा होते. कचरा तुडवणारी झाडूवाली येते, प्रियकराच्या उवा काढणारी मुलगी येते. ससून ग्रंथालयाच्या दर्शनी भागावरचे डेव्हिड ससून यांचे दगडी शिरही एका कवितेत स्वतःची कैफियत मांडते. ते आजही मान वर केली की दिसते. इतक्या मायेने आणि इतक्या बारकाईने या चौकातल्या माणसांकडे दुसऱ्या कोणी पाहिल्याचे आठवत नाही.

म्हणून इथे सकाळी, कलादालने उघडण्याआधी जावे. या कवितांची वेळ न्याहारीची आहे. संग्रह सोबत असावा; एकेक कविता जागेवर वाचावी. कोलटकर शिकले ते जे. जे. कला महाविद्यालयही फार दूर नाही. मूळ घोडा पाहायचा, तर मात्र भायखळ्याला राणीच्या बागेत जावे लागते. तिथे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, एडवर्ड अजून त्याच्यावर बसलेला आहे.