गडचिरोलीतले दोन ‘६२’: सापेक्ष घट आणि निरपेक्ष घट

गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेचा घरोघरी नवजात बाळसेवेचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ६२ हा आकडा दोनदा भेटतो. सेवा सुरू होण्याआधी, १९९३-९५ मध्ये, सेवेसाठी निवडलेल्या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. आणि सेवेच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. पहिल्या ६२ मध्ये बाळं मोजली आहेत, दुसऱ्यात नुसतं प्रमाण. बातमीत आणि प्रशिक्षणाच्या स्लाइडवर मात्र दोन्ही सर्रास एकमेकांत मिसळतात.

टक्क्यांतल्या घटीला सापेक्ष घट म्हणतात: जितकं होतं त्यातलं किती गेलं. निरपेक्ष घट म्हणजे सरळ वजाबाकी: हजारामागे किती बाळं वाचली. व्यापारी ‘दोन टक्के जास्त देतो’ म्हणाला की कपाशी घेऊन आलेला माणूस आधी विचारतो, कोणत्या भावावर? औषधाच्या बातमीला हाच प्रश्न विचारायचा.

आता गणित. तिसऱ्या वर्षी दर ६२ वरून २५.५ वर आला, म्हणजे वजाबाकी हजारी ३६.५. टक्क्यांत ही घट ५८.९ होते. मग ६२ टक्के कुठून आले? तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत त्याच काळात दर ५७.७ वरून ५९.६ वर, म्हणजे ३.३ टक्क्यांनी वाढला. सेवा नसती तर इथंही तसंच झालं असतं असं धरून ते ३.३ यात मिळवले, की ६२.२. शेवटच्या वर्षाचे दोन दर (२५.५ आणि ५९.६) थेट समोरासमोर ठेवले तर उत्तर येतं ५७ टक्के. एकाच अभ्यासातून तीन टक्केवाऱ्या निघतात आणि तिन्ही खऱ्या; फरक फक्त कशाच्या तुलनेत, एवढाच. यात एक उणीव धरून चालावं लागतं: कोणत्या गावांना सेवा मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडच्या गावांत मुळातच काही फरक असू शकतो. घट इतकी मोठी आहे की ती नुसत्या त्या फरकानं समजावता येईल असं वाटत नाही, पण दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही.

वजाबाकीचा खरा उपयोग गावपातळीवर. १००० भागिले ३६.५ केलं की साधारण २७ येतात: २७ बाळांना सेवा दिली की एक मृत्यू टळतो. हजार वस्तीच्या गावात तेव्हा वर्षाला पंचवीसेक जन्म धरले, तर दर गावात दर वर्षी जवळपास एक बाळ. अभ्यासात मात्र हा आकडा १८ असा दिला आहे. चूक नाही, तिथं पोटातच दगावलेली बाळंही मोजली आहेत. ‘किती जणांमागे एक’ हा आकडा दिसला की ‘एक काय?’ हे आधी बघावं.

हेच टक्के अलीकडच्या दराला लावून पाहा. २०२० च्या नमुना नोंदणीत (सरकारच्या जन्म-मृत्यूंच्या नमुना पाहणीत) महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता. ६२ टक्के घट तशीच धरली तर वजाबाकी उरते ६.८, आणि एक मृत्यू टाळायला २७ ऐवजी १४७ बाळांना सेवा द्यावी लागते. पंचवीस जन्मांच्या गावात एक बाळ वाचायला सहा वर्षं. आशाताईच्या वहीत फरक दिसणारच नाही. तीन हजार जन्मांच्या तालुक्यात मात्र वर्षाला वीस बाळं वाचतात. (राज्याची सरासरी मेळघाट-भामरागडला लावू नये, तो वेगळाच घोळ.) शिवाय ते ६२ टक्केही तसेच राहतील याची खात्री नसते. तेव्हा बाळंतपणं बहुतेक घरी होत, आणि जंतुसंसर्ग, जन्मताच गुदमरणं ही कारणं खेडोपाडीच आटोक्यात आणता येण्यासारखी होती. जिथं ती आधीच कमी झाली, तिथं उरलेल्या मृत्यूंवर हाच उपाय तितका चालत नाही.

वजाबाकीही फसवते. २०२० च्या फायझर लसीच्या चाचणीत दोन्ही गटांत सुमारे १८-१८ हजार माणसं होती. लस घेतलेल्यांत ८ जणांना करोना झाला, न घेतलेल्यांत १६२. सापेक्ष घट ९५ टक्के, वजाबाकी शेकडा ०.८४. ‘फायदा एक टक्कासुद्धा नाही’ असे मेसेज यावरून फिरले. पण ती वजाबाकी जेमतेम दोन महिन्यांची होती. लाट वर्षभर चालली असती तर १६२ चे कितीतरी जास्त झाले असते आणि वजाबाकीही त्याच्याबरोबर वाढली असती. काळ न सांगता दिलेला निरपेक्ष आकडा अर्धवटच.

मराठीत आणखी एक खड्डा आहे, ‘टक्क्यांनी’. गडचिरोलीच्याच अभ्यासात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. ‘१३.८ टक्क्यांनी घटलं’ असं लिहिलं तर वाचणारा त्याला सापेक्ष घट समजतो. ती तर ८३ टक्के आहे. ‘शेकडा १७ वरून ३ वर’ असं दोन्ही टोकं धरून लिहिलं की प्रश्न मिटतो.

तेव्हा कुठलाही नवा अभ्यास हाती आला की चार आकडे शोधायचे: दोन्ही गटांत माणसं किती, आणि प्रत्येकात घटना किती. बहुधा ते दुसऱ्या-तिसऱ्या तक्त्यात असतात. त्याबरोबर किती महिने लक्ष ठेवलं तेही. आकडे न देता फक्त ‘ऑड्स रेशो’ (प्रत्येक गटात आजार झालेले भागिले न झालेले, आणि मग त्या दोन आकड्यांचा भागाकार) दिला असेल तर जास्त जपायचं. समजा, गोळ्या न घेणाऱ्या १०० बायांपैकी ६० जणींना रक्तक्षय आहे आणि घेणाऱ्या १०० पैकी ४० जणींना. न घेणाऱ्यांना धोका दीडपट. ऑड्स रेशो मात्र ६०:४० भागिले ४०:६०, म्हणजे २.२५. बातमीत तोच ‘सव्वादोन पट धोका’ होऊन येतो. क्वचित होणाऱ्या आजारात हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात. रक्तक्षयासारख्या घरोघरच्या दुखण्यात नाही.