बिटएक्स : हॅम रेडिओचा घरी जोडायचा संच

बिटएक्स हा हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, घरी जोडायचा लहान शक्तीचा ट्रान्सीव्हर आहे. ऐकण्याचा आणि बोलण्याचा असे दोन्ही रेडिओ त्यात एकाच पेटीत असतात. हैदराबादचे अश्हर फरहान (कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारे ओळखनाव, व्हीयू२ईएसई) यांनी तो रचला आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. पहिला संच २० मीटरच्या पट्ट्यात, १४ मेगाहर्ट्झला, सुमारे ६ वॅट शक्तीने चाले. पुढे २०१६ मध्ये ४० मीटरच्या पट्ट्यासाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठी, बिटएक्स४० आला. २०१७ च्या अखेरीस ३ ते ३० मेगाहर्ट्झ हा सगळा पल्ला घेणारा मायक्रोबिटएक्स आला. जगभरचे हॅम आज ज्या मोजक्या भारतीय आराखड्यांवरून संच बांधतात, त्यांत याचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते.

संच स्वतः जोडण्याची हौस तशी जुनी. अमेरिकेत हीथकिट कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर सुटे भाग आणि पायरीपायरीने सांगणारी पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला सुरुवात केली. तिच्या संचांवर हॅमच्या कित्येक पिढ्या सोल्डरिंग शिकल्या. कंपनीने १९९२ मध्ये ही विक्री थांबवली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी नॉरकल४० आणि नंतर एलेक्राफ्टचा के२ असे नवे संच आणून ती जागा भरली. भारतातल्या हॅमला यातले काहीच सहज हाती येत नव्हते. परदेशी तयार संच महाग, त्यावर आयातीचा कर आणि कागदपत्रे. परदेशी आराखडा पाहून स्वतः बांधायला घेतले, तर त्यात लागणारे भाग इथे मिळत नसत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत बीसी५४७ ट्रान्झिस्टर मागितला तर दुकानदार न बघता अख्खी पट्टी काढून देतो. ठरावीक मिश्रणाचा टोरॉइड, म्हणजे कॉइल गुंडाळायची चुंबकीय कडी, मागितला तर 'हे कशाला लागतं?' असा उलट प्रश्न येतो.

बिटएक्सचे मोठेपण इथे आहे. फरहान यांनी आधी बाजार पाहिला आणि मग सर्किट काढले. टोरॉइड मिळत नाही, तर कॉइल नळाच्या प्लॅस्टिकच्या वॉशरवर गुंडाळायची. ट्रान्सफॉर्मरसाठी फेराइट, म्हणजे चुंबकीय गाभा, हवे, तर टीव्हीची अँटेना केबलशी जुळवणाऱ्या 'बलून' नावाच्या भागातले घ्यायचे. ट्रान्झिस्टर कुठल्याही दुकानात मिळतो तोच. अँटेनाला शक्ती देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० हा मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर वापरायचा. तो मुळात वीजपुरवठ्याच्या स्विचिंगसाठी बनलेला असल्याने रेडिओसाठीच्या खास ट्रान्झिस्टरच्या मानाने फारच स्वस्त पडतो. नळाच्या वॉशरवर कॉइल हे ऐकायला जुगाड वाटते. पण वॉशर फक्त तारेला आकार देतो, आणि हवेच्या गाभ्याची कॉइल तापमानाने फार बदलत नाही. गुंडाळून झाल्यावर वेढे हलू नयेत म्हणून वरून मेण किंवा नेलपॉलिश लावायचे.

सर्किट कसे चालते

बिटएक्स एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीने बोलतो. रेडिओ केंद्राच्या मध्यम लहरींवर मधोमध एक वाहक लहर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या दोन सारख्या प्रती जातात. वाहकात बोलणे काहीच नसते, आणि दोन प्रतींपैकी एक पुरते. म्हणून एसएसबीत वाहक आणि एक प्रत गाळून टाकतात व सगळी शक्ती उरलेल्या बाजूवर खर्च होते. जागाही जेमतेम अडीच किलोहर्ट्झ लागते. गाळायचे काम क्वार्ट्झ क्रिस्टलची रांग करते. पहिल्या आराखड्यात १० मेगाहर्ट्झचे साधे, स्वस्त क्रिस्टल वापरले होते. अट एकच : ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. एकाच गठ्ठ्यातले पंधरा-वीस क्रिस्टल घ्यायचे, एकेक ऑसिलेटरमध्ये, म्हणजे लहर तयार करणाऱ्या सर्किटमध्ये, लावून वारंवारता मोजायची आणि शंभरेक हर्ट्झच्या आत येणारे बाजूला काढायचे. या कामात एक दुपार जाते. ती वाचवायला गेलेल्या माणसाचा संच पुढे कायम घोगरा बोलतो.

नावातला 'बि' बायडायरेक्शनल या शब्दातला. ऐकताना सिग्नल अँटेनाकडून स्पीकरकडे जातो, बोलताना मायक्रोफोनकडून अँटेनाकडे. दोन्ही वाटांवर मिक्सर (दोन वारंवारता मिसळून त्यांची बेरीज-वजाबाकी देणारा भाग), फिल्टर आणि अॅम्प्लिफायर लागतात. डायोडच्या मिक्सरला दिशा नसते, क्रिस्टल फिल्टरलाही नसते. अडचण असते ती अॅम्प्लिफायरची, कारण ट्रान्झिस्टर एकाच दिशेने सिग्नल वाढवतो. यावर उपाय म्हणून दोन अॅम्प्लिफायर एकमेकांना पाठ लावून जोडले. ऐकताना एकाला वीज मिळते, बोलताना दुसऱ्याला. ज्याला वीज नाही तो निमूट बसतो. मायक्रोफोनचे बटण दाबले की रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, खट्कन वाजतो आणि त्याच वाटेवरची वाहतूक उलटी सुरू होते.

बांधणाऱ्याच्या दृष्टीने याचा फायदा फार मोठा आहे. संच नीट ऐकू लागला की प्रक्षेपकाचा बराचसा भाग आपोआप तपासून झाला. मग आवाज बाहेर जात नसेल तर शोधाची जागा आटोपशीर उरते : मायक्रोफोनचा अॅम्प्लिफायर, ड्रायव्हर किंवा आयआरएफ५१०. नवशिक्याने पहिला संच बांधावा तो याच जातीचा, असे म्हणायला हे एक कारण पुरेसे आहे.

बिटएक्स४० मध्ये मधली, म्हणजे क्रिस्टल फिल्टरची, वारंवारता १२ मेगाहर्ट्झ आहे. तिच्यातून ५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा ऑसिलेटर वजा केला की ७ मेगाहर्ट्झ मिळतात. आधी हा ऑसिलेटर कॉइल आणि कपॅसिटरचा असे, आणि खोलीत पंखा लावला तरी सरके. नंतर आर्डुइनो नॅनो हा चिमुकला संगणक आणि एसआय५३५१ ही लहर तयार करणारी चिप असलेली रॅडुइनो नावाची छोटी पाटी आली आणि वारंवारता पडद्यावर आकड्यांत दिसू लागली. मायक्रोबिटएक्स आधी ४५ मेगाहर्ट्झवर चढतो, मग १२ वर उतरतो.

जोडणी

२०१६ पासून फरहान यांच्या एचएफ सिग्नल्स या उपक्रमातून भाग बसवलेल्या आणि तपासलेल्या पाट्या मिळू लागल्या. त्यांवरचे टोरॉइड हैदराबादमधल्या महिलांच्या गटाने हाताने गुंडाळलेले असत. पाटी घेणाऱ्याला तारा, पोटेन्शियोमीटर, मायक्रोफोन आणि अँटेनाचे सॉकेट जोडायचे असते. पेटी आपापली शोधायची. 'हा कसला किट, यात सोल्डरिंग ते कितीसे!' असे जुनी मंडळी म्हणतात. मला ही तक्रार पटत नाही. पाटीवरचे भाग हाताने ओळखता आणि बदलता येतील इतके सुटसुटीत बसवलेले आहेत, आणि पाटी चालू झाल्यावर तिच्यात फेरफार करण्यातच बहुतेकांचे खरे शिक्षण होते. शिवाय कोऱ्या तांब्याच्या पाटीवर पहिल्यापासून बांधायची वाट बंद झालेली नाही. मूळ आराखडा आजही खुला आहे.

पहिल्यापासून बांधणाऱ्याला सर्वांत जास्त छळतात ते ट्रान्सफॉर्मर. टोरॉइडच्या भोकातून तार एकदा आरपार गेली की एक वेढा झाला. बाहेरून वळसा पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. ही गोष्ट कोणी सांगितली नाही तर प्रत्येक कॉइल एका वेढ्याने चुकते. तिहेरी गुंडाळीसाठी तीन तारा एकत्र पिळून घेतात. गुंडाळून झाल्यावर सहा टोके सारखीच दिसतात. ब्लेडने टोकांवरचे इनॅमल खरवडायचे, मल्टिमीटर बझरवर ठेवायचा आणि कुठले टोक कुणाचे ते जोडी लावत शोधायचे. नंतर एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडतात. तिथे उलटापालट झाली तर मिक्सर सगळे गाळून टाकतो आणि स्पीकरमधून नुसती खरखर येते.

वीज देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. उलटी बॅटरी लागली तर पाटी क्षणात जाते, म्हणून वाटेत फ्यूज आणि एक डायोड असावाच. आयआरएफ५१० च्या पाठीचा पत्रा त्याच्या ड्रेनला, म्हणजे पुरवठा येतो त्या पायाला, जोडलेला असतो, त्यामुळे हीटसिंकवर थेट पुरवठ्याचा दाब येतो. हीटसिंक लोखंडी पेटीला टेकला की शॉर्ट झालाच. पेटीला जोडायचाच असेल तर मध्ये अभ्रकाचा तुकडा घालतात. शेवटच्या टप्प्याला वीज वेगळ्या तारेने जाते. त्या तारेत अॅमीटर लावून, बोलण्याचे बटण दाबून पण न बोलता, प्रीसेट (पाटीवरचा फिरवायचा छोटा रेझिस्टर) हळूहळू फिरवत विश्रांतीचा प्रवाह शंभरेक मिलिअँपियरवर आणायचा. हा प्रीसेट झटक्यात फिरवला की मॉस्फेट उडतो. हे होते, आणि चांगल्या हाताच्या माणसाकडूनही होते. जवळ एक-दोन जादा ठेवावेत.

ही सगळी चाचणी अँटेनाऐवजी डमी लोडवर, म्हणजे शक्ती जिरवणाऱ्या रेझिस्टरवर, करतात. १ किलोओहमचे, २ वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॅटचा लोड तयार होतो. रेझिस्टर तारेच्या गुंडाळीचे नसावेत, नाहीतर तीच एक कॉइल होऊन बसते. साध्या १२ व्होल्टवर बिटएक्स४० सुमारे ७ वॅट देतो. आवाज बदकासारखा येत असेल तर वाहक पुरवणारा ऑसिलेटर फिल्टरच्या काठावर नीट बसलेला नाही. मायक्रोबिटएक्समध्ये तो सॉफ्टवेअरमधूनच सरकवता येतो.

हवेत

सात वॅट ऐकून लोक हसतात. हिशेब असा आहे : १०० वॅटच्या बाजारी संचापेक्षा ७ वॅट साडेअकरा डेसिबलने कमी. समोरच्याच्या मीटरवर एक घर ६ डेसिबलचे असते, म्हणजे फरक जेमतेम दोन घरांचा. हॅम आवाजाला दोन आकडी गुण देतात, पहिला स्पष्टतेचा आणि दुसरा मीटरवरच्या घराचा : जिथे मोठा संच ५९ वाजतो, तिथे हा ५७ वाजेल. अँटेना नीट टांगलेली असेल तर तेवढे संभाषणाला पुरते.

अँटेना म्हणजे साधा डायपोल, मध्यबिंदूपासून दोन्ही बाजूंना सारखी जाणारी तार. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की त्याची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर येते, प्रत्येक बाजूला दहा. इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांबू बांधून त्यावर मध्यबिंदू आणि दोन्ही टोके कठड्याकडे उतरती, असा उलटा 'व्ही' बहुतेकांच्या घरी दिसतो. तार आधी थोडी लांब ठेवून, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा) बघत वीतवीत कापत आणतात. दिवसा या पट्ट्यावर काहीशे किलोमीटरची गाठ पडते : पुण्याहून हैदराबाद, बंगळूर. रात्री जवळचे विझतात आणि दूरचे देश ऐकू येतात.

शहरात खरा त्रास गोंगाटाचा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांची घरघर ७ मेगाहर्ट्झवर पसरलेली असते आणि कमकुवत आवाज तिच्याखाली बुडतात. बॅटरीवर संच चालू असताना भागातली वीज गेली, की ती चादर एकदम उचलली जाते. आधी नुसती खसखस असलेल्या जागी माणसे बोलताना ऐकू येऊ लागतात. ज्याने हे एकदा ऐकले, तो पुढे लोडशेडिंगच्या वेळा घड्याळात बघून ठेवतो.

परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही, मग शक्ती कितीही कमी असो. भारतात केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना लागतो. त्यासाठीच्या परीक्षेत वीज-इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे आणि नियम असे दोन भाग असतात, आणि बारा वर्षांच्या मुलालाही ती देता येते. वरच्या श्रेणीसाठी मोर्सही यावे लागते. प्रतिबंधित श्रेणीचे कॉलसाइन व्हीयू३ ने आणि सर्वसाधारण श्रेणीचे व्हीयू२ ने सुरू होते.

आराखडा खुला असल्याचा उपयोग मायक्रोबिटएक्सच्या वेळी दिसला. सुरुवातीच्या पाट्यांतून मूळ वारंवारतेबरोबर तिच्या पटीतल्या आणि इतर नको त्या लहरी बाहेर पडत असल्याचे हॅम मंडळींनीच मोजून दाखवले. रिलेच्या मांडणीमुळे सिग्नल फिल्टरला बगल देऊन पुढे जात होता. कोणी पाटीवरच्या वाटा कापून उपाय सुचवले, कोणी रिले बदलून पाहिले. पाचव्या आवृत्तीत मांडणी सुधारून ती अडचण दूर केली गेली, आणि सहावीला स्पर्शाने चालणारा रंगीत पडदा आला. त्यानंतरच्या एसबिटएक्समध्ये गाळण्या-मिसळण्याचे पुष्कळसे काम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडे गेले आहे. त्याचा प्रोग्रामही खुला आहे, पण शेवटच्या टप्प्यात तार गुंडाळलेले टोरॉइड आणि आयआरएफचे मॉस्फेट आहेतच.