गाडीचा उंबरठा

बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारा आणि दोन्ही टोकं धरून ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. खोका जेमतेम हलतो. आता चिकटपट्टी फाडून झाकण बाजूला ठेवा आणि पुन्हा पिळा. तोच पुठ्ठा, तेच हात, पण खोका खुशाल वाकडातिकडा होतो.

उघड्या छताच्या गाडीचं सगळं दुखणं या खोक्यात आहे.

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या जमवणाऱ्यांची लाडकी एमजीबी रोडस्टर घेऊ. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ती 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं बनली. बंद छताची जीटी धरली तर आकडा पाच लाखांच्या वर जातो. तिच्या आधीच्या एमजीएला खाली शिडीसारखी वेगळी चेसिस होती, वरची बॉडी नुसती बसवलेली. एमजीबीत चेसिसच नाही. पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून जो सांगाडा होतो, तोच सगळा भार पेलतो. अशा बांधणीत छताचा वाटा मोठा असतो, आणि इथे तर छतच नाही. मग खड्ड्यात एकच चाक गेल्यावर गाडीला पडणारा पीळ कोण सोसणार?

मुख्यतः दाराखालची पट्टी. इंग्रजीत तिला सिल म्हणतात, म्हणजे चक्क उंबरठा. एमजीबीचा उंबरठा वरून साधा रंगवलेला पत्रा दिसतो. आत मात्र बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधे उभा पडदा आणि खालून आणखी एक घडीव पट्टी असं मिळून बंद पोकळ नळ्यांचं काम असतं. यातला कळीचा शब्द ‘बंद’.

समजा, 10 सेंटिमीटर व्यासाची, 1 मिलिमीटर जाड पत्र्याची नळी आहे. तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक चीर पाडली. लोखंड जवळपास तेवढंच राहिलं, पण पिळाला विरोध करायची ताकद सात हजारांहून अधिक पटींनी घटते. छापायची चूक नाही. गणितच तसं आहे. बंद नळीत पिळाचा ताण गोल फिरून स्वतःला येऊन मिळतो आणि तिची ताकद नळीनं वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गावर ठरते. चीर पडली की दोन कडा एकमेकींवरून घसरायला मोकळ्या. मग भिस्त उरते ती पत्र्याच्या जाडीवर, आणि जाडी तर एक मिलिमीटर. खऱ्या उंबरठ्याची टोकं बांधलेली असल्यानं तिथे घट इतकी टोकाची नसते, पण दिशा हीच.

आणि गंज नेमकी ही चीर पाडतो, तीही सांध्यावर.

घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. वाटेल की हवा लागते त्या कडेला लोखंड आधी खाल्लं जाईल. होतं उलट. केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच थेंबातून दाखवलं, की लोखंड विरघळतं ते मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी पोचतो. तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात आणि कडेचा ऑक्सिजन ते घेतो. थेंबाची चिमुकली बॅटरीच होते. मधला भाग झिजतो, कड वाचते आणि तांबूस कडं त्या दोघांच्या मधे उमटतं.

दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे जोड, मारले की मधे केसाएवढी फट राहते. तीत पाणी शिरतं, हवा शिरत नाही. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे कोकणातली खारी हवा तेच काम फुकटात करते. त्यात पुढच्या मडगार्डच्या मागच्या पोकळीत चिखल साचून महिनोन्‌महिने ओला राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे सांधा आतून फुगतो आणि वेल्ड तुटतात. बाहेरचा रंग तोवर छान चमकत असतो.

म्हणून अशा गाडीचा जीर्णोद्धार रंगापासून सुरू करणाऱ्याकडे मी संशयानं बघतो. खरं काम सुरू होतं दाराच्या रिकाम्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे वेल्ड करण्यापासून. ती तात्पुरती टेकू-काठी असते. कुजलेला उंबरठा कापला की गाडीला मधे धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. आधार न देता कापलं तर ती मधेच खाली बसते. तशा अवस्थेत नवा उंबरठा जोडला, की बाक कायमचा. मग दार लागत नाही, आणि काही महाभाग दाराचीच कड घासतात! एका वेळी एकच बाजू कापायची, दार पुन्हा पुन्हा लावून फट मोजायची आणि मगच वेल्डिंग. हे कंटाळवाणं असतं आणि फोटोत दिसत नाही.

त्याहून वाईट उद्योग म्हणजे जुन्या गंजावरच नवा पत्रा चढवणं, वरून पुट्टी आणि रंग. ओळखायला खिशात कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. पुट्टीच्या जाड थरावर ते धरत नाही. मग दाराची फट बघायची: खाली रुंद आणि वर अरुंद असेल, तर गाडी मधे बसली आहे.

इंजिनाची गोष्ट त्यामानानं सोपी, आणि ओळखीचीही. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन ‘बी सीरिज’ घराण्यातलं. आपल्या अँबॅसडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं! मंत्र्यांची पांढरी गाडी आणि ही उघडी रोडस्टर म्हणजे सख्खी नाही तरी चुलत भावंडं. काळजी एकच: इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खराब करतं आणि हवेतली ओल ओढतं, तेव्हा नळ्या बदलून घ्याव्यात.

सांगाडाच हाताबाहेर गेला असेल तरी वाट आहे. 1988 मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीनं पत्रे दाबायचे मूळ साचे हुडकून एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. जुन्या गाडीची चाकं, इंजिन, आसनं काढून या नव्या कवचात बसवतात. काही संग्राहक नाक मुरडतात, म्हणे ही अस्सल नाही. मला विचाराल तर पुट्टीनं भरलेल्या ‘अस्सल’ उंबरठ्यापेक्षा हे कवच बरं. त्यात बसून वळणावर निदान धाकधूक होत नाही.

सगळं झाल्यावर पोकळीत पातळ मेण फवारतात, ते फटीत झिरपून पाण्याची वाट अडवतं. आणि अगदी शेवटी उंबरठ्याच्या खालच्या कडेची पाणी निघायची बारीक भोकं तारेनं मोकळी करायची असतात, कारण बऱ्याचदा ती याच मेणानं बुजलेली असतात.