कानाला दडा बसतो, पण मूळ घशात असते

बेळगावहून चोर्ला घाटाने बस उतरू लागली की केरी येईपर्यंत बऱ्याच जणांच्या कानांना दडे बसतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब पणजीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. उतरताना बाहेरचा दाब वाढत जातो, पण कानाच्या पडद्यामागे, मध्यकर्णात, घाटमाथ्यावरचीच विरळ हवा असते. पडदा आत ढकलला जातो. मग आवंढा गिळला की बारीक ‘टक्’ होतं आणि कान मोकळा होतो.

गिळतो घसा, उघडतो कान, तो कसा? नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर घशाचा एक कप्पा असतो, नासाग्रसनी. आरशासमोर कितीही ‘आ’ केला तरी तो दिसत नाही, कारण मऊ टाळू आड येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका नळीचं तोंड असतं आणि ती नळी थेट मध्यकर्णात पोचते. इटलीच्या बार्तोलोमेओ युस्टाकी यांनी १६व्या शतकात तिचं बारकाईने वर्णन केलं, म्हणून ती युस्टेशियन नळी. मोठ्या माणसात लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर. कानाकडचा एक-तृतीयांश भाग हाडात, बाकीचा कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा.

एरवी ही नळी मिटलेलीच असते, आणि ते बरंच आहे. सतत उघडी राहिली तर स्वतःचाच श्वास आणि आवाज कानात घुमतो. गिळताना टाळू ताणणारा एक स्नायू कूर्चेची भिंत ओढतो, नळी अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उघडते, तेवढ्यात हवा आत जाते. गोव्यातल्या ग्रांडे बेटापाशी स्कूबा शिकवणारे पाण्यात उतरल्या उतरल्या कान मोकळे करायला लावतात ते याचसाठी. दाबातला फरक फार वाढला की नळीचा मऊ भाग इतका आवळतो की स्नायूला तो उघडता येत नाही. सर्दी असेल तर डुबी मारूच नये.

सगळ्यात जास्त सोसतात ती लहान मुलं. तान्ह्या बाळाची नळी मोठ्यांच्या निम्म्या लांबीची आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे नाका-घशातले जंतू सहज कानापर्यंत जातात. बाळाला सपाट निजवून बाटलीने दूध पाजू नये, ते यामुळेच. त्यात नळीच्या तोंडाशेजारीच अॅडेनॉइडची, म्हणजे नाकामागची टॉन्सिलसारखी, गाठ. ती सुजली की वाट बंद होते, मध्यकर्णातली हवा शोषली जाते आणि तिथे चिकट पाणी साठतं. मूल तोंडाने श्वास घेतं, झोपेत घोरतं, हाक मारली तर ‘ओ’ देत नाही. त्याला हट्टी किंवा दुर्लक्ष करणारं ठरवण्याआधी कान तपासून घ्या, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

आणि कोमट खोबरेल कानात घालू नका. तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, दुखणं असतं पलीकडे. पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत उतरतं. शिवाय आपल्या दमट हवेत ओलसर कानात बुरशी चटकन धरते.

मोठ्या माणसाच्या एकाच कानात दडा बसून आठवडेच्या आठवडे सुटत नसेल तर तो अंगावर काढू नये. क्वचित नासाग्रसनीतली गाठ नळीचं तोंड दाबत असते. म्हणूनच कानाची तक्रार घेऊन गेलेल्याच्या नाकात डॉक्टर दुर्बीण घालतात; ती तपासणी टाळू नका.