फॉर्मेलिन फक्त मासळीतच नव्हतं

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात फॉर्मेलिनचा अंश सापडल्याची बातमी आली, पाठोपाठ ‘प्रमाण मर्यादेतच आहे’ असा खुलासा आला, आणि अख्खा गोवा खवळला. परराज्यांतली मासळी काही दिवस बंद करावी लागली. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड या वायूचं पाण्यातलं द्रावण. हाच वायू फर्निचरच्या शेडमध्ये बोर्ड कापणाऱ्यांच्या नाकातोंडात त्याआधीही जात होता, आजही जातो. त्याची मात्र बातमी होत नाही.

जुना मेस्त, म्हणजे सुतार, सागवान, शिसव, फणस अशा अस्सल लाकडात काम करायचा. सांधा खाचेतच घट्ट बसवायचा आणि चिकटवायला सरस उकळायचा. कातडी-हाडांपासून केलेल्या त्या सरसाला घाण यायची, पण त्यात फॉर्माल्डिहाइड नव्हतं. (म्हणून तो काळ निरोगी होता असंही नाही. लाकडाच्या भुशालाच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवलं.) १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आलं आणि सरस मागे पडला. शेडमध्ये डोळे चुरचुरले की पुष्कळजण या पांढऱ्या गोंदावर संशय घेतात. तो संशय चुकीच्या डब्यावर आहे. वायू येतो तो बोर्डातून.

बोर्ड चिकटवणारी राळ झाडाची नाही, कृत्रिम. युरिया आणि फॉर्माल्डिहाइडपासून ती करण्याचं पेटंट हान्स जॉन यांनी १९१८ मध्ये मागितलं. १९३० च्या दशकात जर्मनीत माक्स हिमेलहेबर यांनी लाकडाचा चुरा आणि राळ दाबून बोर्ड करण्याची पद्धत बसवली. महायुद्धानंतर लाकडाच्या टंचाईत ती जगभर गेली. राळ स्वस्त, रंगहीन, गरम दाबाखाली मिनिटांत घट्ट होणारी. खोट एवढीच की घट्ट झाल्यावरही ती वायू सोडत राहते. आत उरलेला मोकळा वायू आधी बाहेर पडतो. मग उष्ण, दमट हवेत राळेचे बंधच सुटायला लागतात आणि नवा वायू तयार होतो. गोव्यातला जून ते सप्टेंबर म्हणजे नेमकी हीच हवा. त्यात पावसाची झड आत येते म्हणून शेडचं शटर अर्ध्यावर ओढलेलं असतं, आणि चतुर्थीच्या आधीची कामं अंगावर आलेली असतात.

एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेत दाबून केलेल्या बोर्डाच्या, नव्या गठ्ठ्याची पट्टी तोडून पहिला बोर्ड कटरवर घेतला की डोळ्यांतून पाणी येतं, घसा खवखवतो. कडा आणि भोकं उघडी पडतात, बारीक पिठासारखा भुसा राळ घेऊनच उडतो. पुढे त्यावर सनमायका चढतो, कडांना पट्टी लागते आणि वायू बराचसा आत कोंडला जातो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी जातं ते झाकलेलं कपाट. उघडा बोर्ड कारागिराच्या वाट्याला. तोंडाला बांधलेला गमछा किंवा कागदी मास्क फार तर भुसा अडवतो. वायू अडवायला त्यासाठीच बनवलेला फिल्टर असलेला मास्क लागतो, तो शेडमध्ये क्वचितच दिसतो. त्यात नाक थोड्या वेळात वासाला सरावतं, आणि ‘आता सवय झाली’ म्हणत काम चालू राहतं.

मेलामाइन पॉलिशचंही तेच. पूर्वी स्पिरिटमध्ये लाख विरघळवून हाताने पॉलिश चढायचं. मेलामाइनमध्ये ॲसिडचा हार्डनर घालतात आणि ते सुकताना फॉर्माल्डिहाइड सोडतं.

धोका कळायला फार उशीर झाला असंही नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रयोगांत या वायूत ठेवलेल्या उंदरांच्या नाकात कर्करोग आढळला. तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने १९८७ मध्ये मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ३ वरून १ वर आणि १९९२ मध्ये ०.७५ वर आणली. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसातला निश्चित कर्करोगकारक म्हटलं, ते नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणाऱ्या कर्करोगावरून. २००९ मध्ये रक्ताचा कर्करोगही जोडला.

आपल्याकडे नेमक्या याच काळात बोर्ड वाढला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. जंगलासाठी ते हवंच होतं. पण लाकूड महागलं, आणि गोव्यात हॉटेलं, फ्लॅट, मॉड्युलर किचन यांची मागणी चढत असताना प्लाय आणि एमडीएफ हाच सोपा पर्याय उरला. काम करणारे हातही बदलले. गावच्या मेस्ताच्या जोडीला राजस्थान, उत्तर प्रदेशातले कारागीर आले. बरेचसे कंत्राटावर, एका साइटवरून दुसरीकडे जाणारे. आजार वीस वर्षांनी उमटला तर तो कुठल्या शेडच्या खात्यावर लिहायचा?

कायदा नाही असं नाही. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन विषारी द्रव्यांच्या मर्यादांचं परिशिष्ट जोडलं गेलं, त्यात फॉर्माल्डिहाइड आहे. पण ‘कारखाना’ ठरायला विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० कामगार लागत. चार-पाच जणांच्या शेडला ते परिशिष्ट कधी लागूच झालं नाही. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने ही अट २० कामगारांवर नेली.