शेर, पौंड, किलो आणि बीएमआय

कोल्हापुरात आजही सोनं तोळ्यात मोजतात, वजन किलोत आणि उंची फूट-इंचांत. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा; तो काढताना घोळ होतो तो याच सरमिसळीमुळे.

या निर्देशांकाचं मूळ वैद्यकशास्त्रात नाही. बेल्जियमचे अडॉल्फ केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. 1830च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधताना त्यांना दिसलं, की प्रौढांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. लठ्ठपणा हा त्यांचा विषयच नव्हता. पुढे अमेरिकी विमा कंपन्यांनी उंचीनुसार वजनाचे पौंड-इंचांतले तक्ते काढले, तेही कपडे-बुटांसकट. 1972 मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी केटलेंचंच सूत्र पुढे आणलं आणि ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव रूढ केलं; तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी.

सूत्र एवढंच: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पौंड आणि इंच घेतले तर उत्तराला 703 ने गुणायचं. आपल्याकडे 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. त्याआधी 80 तोळ्यांचा शेर आणि 40 शेरांचा मण होता, पण मण तरी कुठला? बंगाली मण 82 पौंडांच्या वर, मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा! अशा मापांवर जगभर चालणारा आकडा कसा उभा राहणार?

प्रमाण शेर धरला तर 75 शेरांचा माणूस म्हणजे 70 किलो, 154 पौंड किंवा ब्रिटिश मापात 11 स्टोन. उंची 5 फूट 6 इंच असेल तर कुठल्याही मापाने, गुणक बरोबर घेतला की, बीएमआय 24.9. पण हीच उंची ‘5.6 फूट’ म्हणून कॅल्क्युलेटरवर टाकली तर माणूस तीन सेंटिमीटर उंच होतो आणि बीएमआय 24 वर उतरतो. फुटाचे इंच बारा, दहा नव्हेत. ही चूक सर्रास होते.

मल्लांच्या या गावात आणखी एक गोष्ट सांगावीच लागते. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात 1912 पासून कुस्त्या होताहेत. तिथल्या मातीत उतरणारा 5 फूट 8 इंचांचा, 90 किलोचा पैलवान घ्या: बीएमआय 30 च्या वर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार लठ्ठ. स्नायू आणि चरबी यांतला फरक भागाकाराला कळत नाही. तालमीतल्या वस्तादाला तो नजरेनं कळतो.

उरली मर्यादारेषा. जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी 25 पासून वजन जास्त. भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाही पोटावरची चरबी आणि मधुमेहाचा धोका दिसतो, म्हणून 2009 मध्ये इथल्या तज्ज्ञांनी जादा वजनाची रेषा 23 वर आणि लठ्ठपणाची 25 वर आणली. वरचा 70 किलोचा माणूस जागतिक तक्त्यात जेमतेम ठीक, भारतीय तक्त्यात जादा वजनाचा. 23 च्या आत यायला त्याला साडेपाच किलो उतरवावे लागतील.