म्यानमारसाठी वर्गणी काढण्याआधी हे वाचा

फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, मार्च 2025 मध्ये भूकंप झाला. त्या वेळी ‘ऑपरेशन ब्रह्मा’तून भारताची विमानं आणि जहाजं गेली, ती सरकार ते सरकार अशी मदत. फोंडा-म्हापशातलं मंडळ पावती पुस्तक घेऊन वर्गणी जमवतं, त्याला ती वाट खुली नाही.

परदेशी दान पाठवायची सोय म्हणजे रिझर्व्ह बँकेची एलआरएस (उदारीकृत प्रेषण) योजना. ती फक्त भारतात राहणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. ट्रस्ट, कंपनी यांना ती नाही. तरी खजिनदार ठरावाची प्रत आणि मंडळाचा शिक्का घेऊन काउंटरवर उभे राहतात, आणि कागद परत येतात. वर्गणी स्वतःच्या खात्यात वळवून पाठवण्याची युक्ती तर कृपा करून करू नका, ऑडिटमध्ये अडकाल. ज्याला द्यायचंय त्याने आपल्या खात्यातून, आपल्या नावाने पाठवावं.

कागद थोडेच: पॅन, ए-टू अर्ज (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज), घेणाऱ्याचा बँक तपशील. चूक होते ती हेतूच्या संकेतांकात. संस्थेला दान असेल तर एस1303, व्यक्तीला भेट असेल तर एस1302. एस1301 कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी आहे, तो उगाच भरू नका.

खरी अडचण देशाची. ऑक्टोबर 2022 पासून म्यानमार एफएटीएफ या मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय गटाच्या काळ्या यादीत आहे, आणि या गटाने असहकारी ठरवलेल्या देशांना एलआरएसमधून पैसे पाठवायला मनाई आहे. मानवतावादी मदत अडू नये असं खुद्द एफएटीएफ म्हणते, पण ते काउंटरवर सांगून उपयोग होत नाही. म्हणून पैसे जमवण्याआधीच बँकेकडून लेखी उत्तर घ्या.

आणि एक गोवेकरांसाठीच. लंडनचा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवाला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) असूनही त्याचं दान मंडळासाठी परदेशी निधी ठरतं. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर ते खात्यात येऊच देऊ नका. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याचं दान चालतं. एफसीआरए पैसा आत येण्यासाठी आहे, बाहेर पाठवण्याचा तो परवाना नव्हे.

आर्थिक वर्षात दहा लाखांवर गेलात तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो. 80जीची, म्हणजे दानावरची आयकर सवलत मात्र मिळणार नाही, दात्यांना तसं आधीच सांगा. वर्गणी जमलीच असेल आणि बँकेने नकार दिला, तर ज्याची त्याला परत करा आणि परतीच्या पावतीवर सही घ्या.